जीन्स प्लस मिथायलेशनची घरबसल्या टेस्ट केली: रिपोर्ट जाडजूड, कामाचं किती?

रेटिंग आधीच सांगून टाकतो, ५ पैकी २. एक स्टार घरी येऊन रक्त घेऊन गेलेल्या पोराला आणि दुसरा रॉ डेटाची फाईल मागितल्यावर कुरकुर न करता दिली म्हणून. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण असली पॅकेजं विकणारे आता बरेच झालेत आणि जाहिरात बघितली तर सगळ्यांची एकाच साच्यातली, तेव्हा मी जे लिहितोय ते तुम्ही कुणाकडनंही घेणार असाल तरी उपयोगी पडेल.

वस्तू काय आहे ते आधी. 'मेटाबॉलिझम' पॅकेज. थुंकीतनं जीन्स बघतात, म्हणजे साखर, चरबी, कॉफी, दूध, व्हिटॅमिन हे सगळं शरीर कसं पचवतं त्याच्याशी संबंध असलेले जन्मजात फरक, आणि रक्तातनं डीएनए मिथायलेशन बघतात. मग दोन्ही एकत्र करून प्रत्येक गोष्टीला स्कोर. आमच्या घराण्यात शुगर आहे, आजोबांना होती, वडिलांना आहे, काकांना आहे, त्यामुळं चाळिशी जवळ आली की पोटात गोळा येतोच. त्यात दोघांनी घेतलं तर दुसऱ्याला सूट, म्हणून दाजींना पण ओढलं. दाजी तालमीत वाढलेले, त्यांना असल्या गोष्टींचं काही पडलेलं नसतं, पण सूट म्हटल्यावर तयार झाले. किंमत नीट सांगत नाही, ऑफरप्रमाणे रोज बदलते, पण दोघांचे मिळून जेवढे गेले त्यात एक बऱ्यापैकी मोबाईल आला असता.

मी स्वतः शिवाजी विद्यापीठातनं बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलंय, आता औषधाच्या धंद्यात आहे, त्यामुळं रिपोर्टमधले शब्द बघून घाबरलो नाही. ज्यांना ही पार्श्वभूमी नाही त्यांची मात्र ह्या रिपोर्टनं झोप उडेल, म्हणूनच एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

सॅम्पल घ्यायची सर्व्हिस चांगली. कोल्हापुरात राजारामपुरीत सकाळी दिलेल्या वेळेला पोरगा हजर, थुंकीची नळी कशी भरायची, आधी अर्धा तास चहा पण नाही, सगळं नीट समजावलं, रक्त काढताना दाजींनी तोंड फिरवलं (आखाड्यात भल्याभल्यांना आस्मान दाखवणारा माणूस, सुई बघून गार) तरी हसला नाही. फॉर्ममध्ये वय, वजन, उंची, जेवण शाकाहारी का मांसाहारी, बास. नुकताच ताप येऊन गेलाय का हे कुणी विचारलं नाही आणि मला त्याच आठवड्यात व्हायरल झालेलं. हे का महत्त्वाचं ते खाली येतंच.

रिपोर्ट ॲपवर येतो, लाल-पिवळा-हिरवा, ग्राफ, माणसाचं चित्र, त्यात लिव्हर चमकतंय. दिसायला विषय हार्ड. पण आत वाचायला लागलो की तेच तेच वाक्य फिरवून फिरवून.

आता मुद्द्याचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डीएनएतल्या सायटोसीन ह्या अक्षरावर कधी कधी मिथाइल ग्रुप, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, चिकटलेला असतो. माणसात तो बहुतेक करून सायटोसीनच्या लगेच पुढं ग्वानीन आहे अशा जागी बसतो, त्याला सीपीजी साईट म्हणतात आणि अशा जागा आपल्या जिनोममध्ये जवळजवळ २ कोटी ८० लाख आहेत. डीएनएचं अक्षर तेच राहतं, पण तिथं मिथाइल आहे का नाही ह्याचा संबंध जवळचं जीन किती चालतंय ह्याच्याशी असतो. मिथायलेशन वाचायला अभ्यासांत ज्या लॅबच्या चिप्स वापरल्या गेल्यात त्या ह्यातल्या साडेचार लाख ते नऊ लाख जागा वाचतात, म्हणजे एकूणाचा छोटासाच भाग. इथपर्यंत ठीक.

जाहिरातीचा सगळा डोलारा एका कल्पनेवर उभा आहे, की जीन्स म्हणजे तुमचं नशीब आणि मिथायलेशन म्हणजे तुमच्या सवयींचा हिशोब, त्यामुळं दोन्ही टेस्ट केल्या की दोन वेगवेगळे पुरावे मिळतात. ऐकायला एकदम पटतं. पण रक्तातल्या मिथायलेशनचा आकडा तीन ठिकाणांहून येऊ शकतो. एक, तुमच्या जन्मजात जीनमुळंच ती जागा तशी आहे. दोन, सिगारेट, जेवण असल्या बाहेरच्या गोष्टींनी तशी झालीय. तीन, वजन किंवा साखर वाढल्यामुळं नंतर तशी झालीय, म्हणजे ते कारण नव्हेच, परिणाम आहे. अख्ख्या रिपोर्टमध्ये एकाही आकड्यासमोर तो ह्या तिन्हीतला कुठला हे लिहिलेलं नाही. आणि ते कळल्याशिवाय आकड्याचं करायचं काय?

पहिला प्रकार किती मोठा आहे बघा. २०२१ साली नेचर जेनेटिक्समध्ये एक मोठं काम आलं, ३२,८५१ लोकांचं रक्त, आणि त्यात ४,२०,५०९ मिथायलेशनच्या जागा तपासून ज्यांच्यावर जन्मजात फरकांचा परिणाम दिसतो अशा शोधल्या. अशा निघाल्या तपासलेल्यांपैकी साधारण ४५ टक्के, म्हणजे निम्म्याच्या जरा खाली. म्हणजे कुठल्याही जागेचं मिथायलेशन उचला, ते अंशतः तुमच्या जीनचीच सावली असण्याची शक्यता चांगलीच आहे. त्याच्याही आधी, २०१४ ला, जर्मनीत आउग्सबुर्ग भागातल्या कोरा नावाच्या पाहणीतल्या १,८१४ लोकांच्या रक्तात ६४९ मेटाबॉलिक गोष्टी (रक्तातल्या वेगवेगळ्या पदार्थांची प्रमाणं) आणि साडेचार लाखाच्या वर सीपीजी जागा ताडून बघितल्या होत्या. तिथं दोन गठ्ठे स्वच्छ वेगळे पडले. आठ जागा अशा, की जिथं मिथायलेशन आणि मेटाबॉलिझमचा संबंध दिसत होता पण मागं एक जेनेटिक व्हेरियंटच, म्हणजे जीनमधला जन्मजात फरकच, बसलेला होता. तो व्हेरियंट एका हातानं रक्तातल्या त्या पदार्थाचं प्रमाण हलवतोय आणि दुसऱ्या हातानं शेजारचं मिथायलेशन, आणि आपल्याला वाटतंय ह्या दोघांचंच आपसात काहीतरी चाललंय. आणि दुसऱ्या सात जागा, जिथं असा जीनचा माग लागला नाही. त्याशिवाय काही जागांचे गट असे, की कारण बाहेरचं दिसत होतं आणि त्यात सिगारेट पुढं होती.

हे डोक्यात ठेवून माझ्या रिपोर्टचं 'फॅट मेटाबॉलिझम'चं पान बघा. एफएडीएस जीन्स, म्हणजे तेलबियांतनं येणाऱ्या साध्या फॅटी ॲसिडपासून लांब साखळीची ओमेगा-३, ओमेगा-६ बनवणारी एन्झाइम्स. त्यात माझा व्हेरियंट 'लाल'. त्याखाली एफएडीएस भागातलं मिथायलेशन, ते पण 'लाल'. दोन लाल, म्हणून स्कोर 'हाय रिस्क'. अहो पण त्या भागात मिथायलेशन त्या व्हेरियंटच्या मागंमागं जातं हे माहीत असलेलं आहे की! एकच गोष्ट दोनदा मोजली आणि त्याचे पैसे पण दोनदा घेतले. आणि एफएडीएसमध्ये 'लाल' म्हणजे वाईट हे ठरवलं कुणी? २०१६ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी पुण्यातल्या मुख्यतः शाकाहारी लोकांचे आणि अमेरिकेतल्या लोकांचे नमुने तपासले होते, तेव्हा एफएडीएस२ जवळचा एक फरक, ज्यानं शाकाहारातनं लांब साखळीची ॲसिड्स जास्त बनतात, तो आई आणि बाप दोघांकडनं आलेले लोक पुण्याच्या गटात ६८ टक्के आणि अमेरिकन गटात १८ टक्के होते. म्हणजे आपल्याकडं जे घरोघरी आहे ते तिकडं विरळ. रिपोर्टमध्ये 'नॉर्मल रेंज' कुणाच्या रक्तावरनं काढली हे कुठंच नाही. शेवटच्या पानावरचे बारीक अक्षर पण वाचले. नाहीच.

एफटीओच्या पानावर तर कहर आहे. एफटीओ हे २००७ पासनं वजनाशी जोडलेलं जीन, दोन्ही कॉपी रिस्कवाल्या असतील तर युरोपियन लोकांत सरासरी ३ किलो वजन जास्त दिसलं. इतपत लिहिलंय ते बरोबर. पुढं मात्र लिहिलंय की एफटीओ मिथाइल काढून टाकतं त्यामुळं तुमच्या डीएनए मिथायलेशनवर परिणाम होतोय. लिहिणाऱ्यानं दोन गोष्टींची खिचडी केलीय राव. एफटीओ एन्झाइम मिथाइल काढतं हे खरं, पण त्याचं नावाजलेलं काम आरएनएवरचं, डीएनएवरचं नव्हे, २०११ ला समोर आलेलं. आणि वजनाचा जो व्हेरियंट आहे तो एफटीओच्या आतल्या कोडिंग नसलेल्या भागात बसून लांबच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ जीन्सना हलवतो असं २०१४-१५ मध्ये दाखवलं गेलं. 'मिथाइल' शब्द दोन्हीकडं दिसला म्हणून जोडून टाकलं.

आता ते एमटीएचएफआर. ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण खरी विक्री इथं आहे.

एमटीएचएफआर हे फोलेटला (पालेभाज्या-डाळींतलं एक बी व्हिटॅमिन) अशा रूपात आणणारं एन्झाइम, की पुढं बी१२ च्या मदतीनं होमोसिस्टीनचं मेथिओनीन होतं, मेथिओनीनचं सॅम (एस-ॲडेनोसिल मेथिओनीन), आणि ह्या सॅमकडनंच डीएनएला मिथाइल मिळतो. म्हणजे मेटाबॉलिझमचं जीन आणि मिथायलेशन ह्यांचा एवढा सरळ संबंध दुसरीकडं क्वचितच. सी६७७टी नावाचा फरक, म्हणजे ह्या जीनमध्ये एका जागी सी अक्षराऐवजी टी, १९९५ पासनं माहीत आहे, दोन्ही कॉपी टी असतील तर एन्झाइमची ताकद साधारण ३० टक्क्यांवर येते, एक असेल तर ६५ च्या आसपास. माझी एक कॉपी टी. रिपोर्ट म्हणतो तुम्ही 'पुअर मिथायलेटर', आणि लगेच खाली बटण, मिथाइलफोलेटच्या गोळ्या, तीन महिन्यांचा कोर्स, त्यांच्याच दुकानातनं.

'पुअर मिथायलेटर' असा कुठला आजार नसतो. २००२ साली ह्याच्यावर एक महत्त्वाचा पेपर आला होता, रक्तातल्या पेशींचं एकूण मिथायलेशन मोजलं, तर दोन्ही टी वाल्यांचं कमी आलं खरं पण कधी, तर रक्तात फोलेट कमी असेल तेव्हाच. फोलेट पुरेसं असणाऱ्यांत हा फरक दिसला नाही. म्हणजे जीन एकटं काही करत नाही, ताटात काय आहे त्यावर ते बोलतं. मेथी, पालक, चवळी, हरभरा, मसूर खाणाऱ्या माणसाला एका टी वरनं गोळ्या विकायच्या म्हणजे कमाल आहे. अमेरिकेतल्या मेडिकल जेनेटिक्सच्या कॉलेजनं तर २०१३ लाच सांगून ठेवलंय की रक्ताच्या गुठळ्यांच्या किंवा वारंवार गर्भपाताच्या तपासणीत हे एमटीएचएफआर मागवू नका, त्यातनं काही हाती लागत नाही.

आणि त्यात धोका पण आहे. फोलेट भरपूर आणि बी१२ कमी ही जोडी वाईट, ॲनिमिया झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमनं पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि मुलांचा जो अभ्यास १९९३ पासनं चालवलाय त्यात, २००८ ला आलेल्या पेपरमध्ये, गरोदरपणात ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी१२ कमी होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीरानं इन्सुलिनला नीट दाद न देणं, सगळ्यात जास्त दिसला. हे आपल्या मातीतलं काम, शुगरवरचं, मिथाइलच्याच रस्त्यावरचं, आणि रिपोर्टमध्ये त्याचं नाव नाही. बी१२ मोजायला सांगितलं का? नाही. गोळ्या घ्या म्हणून सांगितलं. आमच्या ताईनं माळ घातलीय, मटण-अंडं काही नाही, तिनं ही टेस्ट केलेली पण नाही, तिला मी गल्लीतल्या लॅबमध्ये नुसतं बी१२ करायला लावलं तर ते पार खाली निघालं. डॉक्टरनी लगेच औषध सुरू केलं. ह्या अख्ख्या प्रकरणात घरात झालेली सगळ्यात कामाची तपासणी तीच.

तिसऱ्या प्रकाराकडं येतो, परिणामाला कारण म्हणायचा. रिपोर्टमध्ये एचआयएफ३ए नावाच्या जीनचं मिथायलेशन जास्त आलंय आणि म्हणून वजन वाढण्याची प्रवृत्ती आहे असं लिहिलंय. हे जीन २०१४ ला लॅन्सेटमध्ये गाजलं, रक्तात त्याचं मिथायलेशन जास्त तितका बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) जास्त. पण त्याच पेपरमध्ये जीनचे फरक घालून बघितल्यावर कल असा दिसला की वजनानं मिथायलेशन वाढतंय, उलटं नाही. २०१७ ला नेचरमध्ये दहा हजारांवर लोकांचं काम आलं, त्यात भारतीय वंशाचे लोक पण होते, १८७ जागा बीएमआयशी जोडलेल्या सापडल्या, आणि निष्कर्ष काय तर बहुतेक ठिकाणी हे बदल लठ्ठपणाचा परिणाम आहेत. हे कळलं कसं ते मस्त आहे. जीन जन्माच्या आधी ठरतं, ते नंतर तुमच्या वजनानं बदलत नाही, त्यामुळं वजन वाढवणारे व्हेरियंट असलेल्या लोकांत ते मिथायलेशन पण सरकलेलं आहे का, आणि मिथायलेशन हलवणारे व्हेरियंट असलेल्यांत वजन सरकलेलं आहे का, असं दोन्ही बाजूनं तपासलं की गाडी कुठल्या दिशेनं चाललीय ते दिसतं. जीन आणि मिथायलेशन एकत्र बघण्याचा खरा उपयोग हा आहे! एकमेकांचा साक्षीदार म्हणून. ह्या लोकांनी दोघांची नुसती बेरीज केली.

सगळंच टाकाऊ आहे असं मात्र म्हणणार नाही. टीएक्सएनआयपी नावाचं जीन रिपोर्टात आहे आणि ते असायलाच पाहिजे. २०१५ ला लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या आणि युरोपियन लोकांवर काम आलं, त्यात पुढं जाऊन टाईप २ डायबेटीस होणाऱ्यांच्या रक्तात पाच ठिकाणी मिथायलेशन आधीपासनंच वेगळं होतं: एबीसीजी१, फॉस्फो१, एसओसीएस३, एसआरईबीएफ१ आणि टीएक्सएनआयपी. आपल्यासारख्याच लोकांवरचं काम असल्यामुळं ह्याला मी मान देतो. टीएक्सएनआयपी साखरेच्या प्रमाणाला थेट प्रतिसाद देणारं जीन, त्यामुळं तिथला बदल म्हणजे शरीरात साखर जास्त फिरतेय ह्याची खूण असू शकते. पण मग साखर मोजायला आपल्याकडं एचबीए१सी आहे की, काही शे रुपयात, कुठल्याही लॅबमध्ये. टीसीएफ७एल२ पण आहे, २००६ पासनं माहीत असलेला, टाईप २ च्या कॉमन व्हेरियंट्समध्ये सगळ्यात जोरदार, आणि तो माझ्यात आहे. वडिलांकडं बघून मला ते विनाटेस्ट पण सांगता आलं असतं.

आणि एका ठिकाणी तर मिथायलेशननं कमालच केली. दाजींच्या रिपोर्टमध्ये एएचआरआर जीनच्या एका जागेचं मिथायलेशन खाली आलेलं आणि समोर लिहिलेलं 'धूम्रपानाचा इतिहास संभवतो'. ही जागा ह्या सगळ्या विषयातली सगळ्यात भरवशाची खूण समजतात, सिगारेट ओढणाऱ्यांत ती घसरते, सोडल्यावर हळूहळू वर येते पण जोरात ओढणाऱ्यांत बरीच वर्षं पूर्ण वर येत नाही. दाजींनी सोडून जमाना झाला, आणि ताईला तेव्हा सांगितलेलं होतं की 'कॉलेजात एखाद-दुसरी'. रिपोर्ट ताईनंच वाचून दाखवला मोठ्यानं. त्यादिवशी पांढरा रस्सा जरा फिकाच झाला होता म्हणे.

बरं, रक्ताचं एक मूलभूत त्रांगडं आहे आणि ते रिपोर्टमध्ये एका ओळीत उरकलंय. जीन कुठल्याही पेशीत बघा, तेच असतं, म्हणून थुंकी चालते. मिथायलेशन प्रत्येक प्रकारच्या पेशीत वेगळं. रक्तात तांबड्या पेशींना तर केंद्रकच नसतं, म्हणजे जो डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींचा, आणि त्यात पण न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट असे प्रकार, प्रत्येकाचा मिथायलेशनचा पॅटर्न वेगळा. मिसळीसारखं आहे, आज कट तिखट लागला तर मसाला बदललाय का फरसाण कमी पडून कटच जास्त आलाय हे नुसत्या एका घासावरनं सांगता येत नाही. तापात ह्या पेशींचं प्रमाण पार बदलतं, बॅक्टेरियाच्या तापात न्यूट्रोफिल वाढतात, व्हायरलमध्ये बऱ्याचदा लिम्फोसाइट. अभ्यास करणारे लोक ह्यासाठी २०१२ पासनं एक पद्धत वापरतात, मिथायलेशनवरनंच पेशींचं प्रमाण अंदाजे काढायचं आणि मग त्याचा हिशोब वजा करायचा. रिपोर्टवरच्या काउन्सेलिंग कॉलवर मी विचारलं, तुम्ही हे करता का? तिथल्या मॅडमचं उत्तर, 'सर आमचा अल्गोरिदम प्रोप्रायटरी आहे'. बरं.

आणि पेशींचा हा घोळ किती खोल जातो ते दाजींच्या दुधावरनं बघा. दाजी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर वर्षानुवर्षं जातात, समोर म्हैस पिळून घेतलेलं धारोष्ण दूध, ग्लासभर, उभ्या उभ्या. रिपोर्ट म्हणतो लॅक्टोज पचत नाही, दूध टाळा. जीनचा भाग खरा असेल, लहानपणानंतर लॅक्टेज (दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम) चालू ठेवणारा जो १३९१० वाला टी व्हेरियंट उत्तरेकडं जास्त सापडतो तो दाजींच्यात नाही, दोन्ही सी. पण ह्याच व्हेरियंटचा मिथायलेशनशी काय संबंध आहे ते २०१६ ला दाखवलं गेलंय आणि ते ह्या अख्ख्या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे: सी असलेल्यांत वयाप्रमाणं लॅक्टेजच्या जीनभोवती मिथायलेशन साचत जातं आणि जीन बंद पडत जातं, टी असेल तर ते साचणं टळतं. जीनचा फरक, त्यानं ठरवलेलं मिथायलेशन, त्यानं ठरवलेलं पचन, तिन्ही एका ओळीत. फक्त हे सगळं घडतं लहान आतड्याच्या पेशीत. रक्तातल्या पेशींना दूध पचवायचंच नसतं, त्यामुळं तिथलं मिथायलेशन बघून 'तुमचं लॅक्टेज ६० टक्के बंद' असं लिहिणं म्हणजे शुद्ध थाप. शिवाय लॅक्टेज कमी असलेल्या बऱ्याच जणांना ग्लासभर दूध काही करत नाही, नियमित पिणाऱ्यांच्या आतड्यातले बॅक्टेरिया पण सरावतात. दाजींनी रिपोर्ट ऐकला, मिशीवरचा फेस पुसला, आणि 'त्यास्नी सांग गंगावेशीत या म्हणून' एवढंच बोलले.

बायोलॉजिकल एजवर, म्हणजे मिथायलेशनवरनं शरीराचं वय काढणाऱ्या 'घड्याळां'वर, फार लिहीत नाही. हॉरव्हाथचं घड्याळ २०१३ चं, ३५३ जागांवर चालणारं, हॅनमचं त्याच वर्षीचं ७१ जागांचं, विज्ञान म्हणून भारीच. पण २०२२ ला दाखवलंय की एकच नमुना दोनदा तपासला तर काही घड्याळांत नुसत्या मशीनच्या गोंधळानं ३ ते ९ वर्षांचा फरक येऊ शकतो. मला खऱ्या वयापेक्षा म्हातारा दाखवलंय, दाजींना तरुण. घरात ह्यावरनं जे व्हायचं ते झालं.

काउन्सेलिंग कॉलवाल्या मॅडम बोलायला गोड, पण समोर स्क्रिप्ट. मी तीन गोष्टी विचारल्या: हा मिथायलेशनचा आकडा माझ्या जीनमुळं आहे का सवयीमुळं, रेंज कुठल्या लोकांवरनं काढली, आणि पेशींचं प्रमाण धरलंय का. एकाचंही सरळ उत्तर नाही, प्रत्येक वेळी गाडी गोळ्यांवर. तुम्ही घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी हेच तीन प्रश्न मेलवर विचारा, फोनवर नको, लेखी उत्तर मागा.

घ्यावी कुणी? ज्याला रॉ डेटा हवाय आणि तो वाचता येतो, त्यानं मजा म्हणून घ्यावी, फाईल खरंच व्यवस्थित आहे. सपोर्टला मेलमध्ये 'जीनोटाइप फाईल आणि मिथायलेशन बीटा व्हॅल्यूज दोन्ही पाहिजेत' असं स्पष्ट लिहा (बीटा व्हॅल्यू म्हणजे त्या त्या जागी मिथायलेशन किती ह्याचा आकडा), नुसतं 'डेटा' म्हटलं तर परत तीच पीडीएफ पाठवतात. बाकीच्यांनी त्या पैशात एचबीए१सी, लिपिड, बी१२, लिव्हर करून घ्या, कंबर टेपनं मोजा. आपल्या लोकांत बीएमआय फसवतो, याज्ञिक आणि युडकिन ह्या दोन डॉक्टरांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचेच आकडे छापलेत, दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी ब्रिटिश युडकिनची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. टेस्टच्या फॉर्ममध्ये कंबरेचा आकडा विचारलेलाच नाही.

कन्सेंट फॉर्म नीट वाचा, आमच्या फॉर्ममध्ये 'संशोधनासाठी वापर' ला आधीच टिक केलेली होती, ती काढायला लागते.

गोळ्यांची ऑर्डर दाजींच्या ॲपवरनं चुकून झाली होती (ते बटण 'पुढे' च्या जागेवरच आहे, बघा म्हणजे), ती कॅन्सल केलीय, रिफंड 'प्रोसेसमध्ये' दाखवतंय. आला की इथंच अपडेट टाकतो.